पुढचा कार्ब्युरेटर बोलत नाही

तीर्थस्वरूप म्युरिअलताई,

तुझ्या धाकट्या डेस्मंडचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग उताणा आहे, कारण मी गाडीखाली पडून लिहितोय. कागदावरचा तपकिरी डाग चहाचा नाही, गिअरबॉक्सचा आहे.) तुझा गुडघा कसा आहे? पेन्झन्सची हवा मानवते ना? चॅपलमध्ये अजून ऑर्गन वाजवतेस की नव्या पाद्र्याशीही भांडलीस? इकडे सर्व क्षेम. फोन न करता पत्र का, म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. आमच्या फोनला काहीतरी झालंय, माणसं विहिरीच्या तळातून बोलल्यासारखी वाटतात. एकूण यॉर्कशरचाच दर्जा घसरलाय, ताई. शेजारचा थ्वेट पूर्वी नुसत्या शिंकेने कौलं हलवायचा, तोही हल्ली तोंडातल्या तोंडात पुटपुटतो. चर्चच्या घंटेलाही तडा गेला असावा.

पण खरी पंचाईत आपल्या हिरव्या गाडीची आहे. मेअखेरच्या सुट्टीच्या सोमवारी पोर्क भरलेली पेस्ट्री आणि चहाचा थर्मास घेऊन तिच्यातून माळाच्या माथ्यावर जायचं, हा बाबांनी बासष्ट साली घालून दिलेला नेम. गेल्या वर्षी ती दुसऱ्याच वळणावर खोकली, दोन बार काढले आणि बसली. शेवटी जावयाने आपल्या विजेच्या गाडीला दोर बांधून तिला घरी ओढून आणलं. (आवाज न करणाऱ्या गाडीने आपल्या गाडीला ओढावं! बाबा असते तर चालत आले असते.) त्यावर माझी फिलिपा म्हणाली, "पुढच्या वर्षी ती स्वतःच्या दमावर माथ्यावर पोचली तर राहील. नाहीतर लीड्सचा तो हौशी गृहस्थ मागतोय, त्याला देऊन टाकायची. शब्द द्या, बाबा." मी दिला. रागाच्या भरात माणूस काय वाट्टेल ते देतो. तो सोमवार आता अकरा दिवसांवर आलाय.

दोष कुठे आहे ते मला पक्कं ठाऊक आहे. तुला आठवतच असेल, तिला कार्ब्युरेटर दोन, एक पुढे आणि एक मागे. दोघांनी सारखाच श्वास ओढायला हवा, नाहीतर एक राबतो आणि दुसरा बसून खातो. म्हणून मी बाबांच्याच पद्धतीने जातो. इंजिन चालू ठेवायचं, रबरी नळीचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, दुसरं आपल्या कानात, आणि दोन्हीकडची फुसफुस सारखी येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. वाकायला सोपं जावं म्हणून पुढच्याला डावा कान, मागच्याला उजवा. तर मागचा नागासारखा फुसफुसतो आणि पुढचा ढिम्म बोलत नाही! मी त्याचा स्क्रू उघडतोय, अजून उघडतोय, गाडी धूर ओकते, पण हा मुका. पाच वेळा खोलला, धुतला, पुसला, पुन्हा बसवला. मग डोकं चालवलं आणि दोघांची अदलाबदल केली. आता ऐक, काय झालं ते. मागे गेलेला मुका घडाघडा बोलायला लागला आणि पुढे आलेल्या बोलक्याची वाचा बसली. म्हणजे त्या पुढच्या जागेलाच कसलीतरी बाधा आहे. थ्वेटला हे सांगितलं तर तो स्वतःच्या कानाला बोट लावून काहीतरी पुटपुटला. वेडा झालाय बिचारा.

नळी तीच आहे, ताई. आईच्या बागेतल्या नळीतून बाबांनी कापून घेतलेली. (आई त्यानंतर तीन दिवस त्यांच्याशी गुलाबांमार्फत बोलत होती.) बाजारात तेव्हाही यासाठी काट्याचं यंत्र मिळायचं. पण बाबा म्हणायचे, यंत्र वापरणारा माणूस बायकोची तब्येतही पोस्टमनला विचारेल. ते स्क्रू फिरवायचे आणि तू नळी कानात घालून डोळे मिटायचीस. "पुढचा किंचित उतरलाय, बाबा. हां, आता थांबा." बाबा थांबायचे! आईचंही न ऐकणारा तो माणूस तुझ्या एका शब्दावर थांबायचा. मला नळीला हात लावायची बंदी होती. तुझा असा काही राग यायचा म्हणतेस! एका रविवारी मी नळीत वाटाणा कोंबला. तू "बाबा, दोन्ही गेले!" म्हणून रडायला लागलीस आणि बाबांनी अख्खा दिवस दोन्ही कार्ब्युरेटर खोलून काढला. साठ वर्षं हे पोटात ठेवलं होतं, आज सांगून टाकलं. त्या वेळचं गॅरेज, पेट्रोलचा वास, तुमच्या दोघांच्या पाठी, हे सगळं मला फार आठवतं.

पत्रास कारण इतकंच, की बाबांची दुरुस्तीची वही तुझ्याकडे असेल तर ती टपालाने पाठव.

तुझा आज्ञाधारक (वाटाण्याचा अपवाद सोडून),
डेस्मंड

ता. क. काल फिलिपाने मला बळेच कानाच्या डॉक्टरकडे नेलं. बाईंनी सांगितलं, म्हणजे कागदावर लिहून दिलं, की डावा कान पार गेलाय, बहुधा दोन वर्षांपूर्वीच, आणि उजवाही सामान बांधून बसलाय. तेव्हा पुढचा कार्ब्युरेटर अगदी ठणठणीत होता. होता म्हणतो, कारण पाच वेळा खोलल्यावर आता तो खरोखरच बिघडलाय. फोनला, घंटेला आणि थ्वेटला काहीही झालेलं नाही. थ्वेटची माफी मागितली. त्यावर तो काहीतरी म्हणाला.

आणखी एक ता. क. कानाचं यंत्र ऑगस्टमध्ये मिळेल. सोमवार त्याच्या आधी येतो. (शिवाय यंत्राबद्दल बाबा काय म्हणायचे ते वर लिहिलंच आहे.)

शेवटचा ता. क. वहीचं राहू दे. ताई, तूच ये. तू ऐक, मी स्क्रू फिरवतो, आणि तू म्हणशील तिथे थांबतो. गाडी गेल्यावरचं रिकामं गॅरेज मला बघवणार नाही. फोन करू नकोस, सरळ आगगाडीत बस. नळी गरम पाण्याने धुऊन ठेवली आहे. वाटाणा नाही, शपथ.