वीज गेली की पडणारं बटण

ता. ९, मंगळवार

चि. धाकट्या,

आशीर्वाद आधी, शिव्या मागून. तुझं पत्र मिळालं. करवतीचं मशीन धड पोचलं, टेबलाला पोचा पडला नाही, हे वाचून बरं वाटलं. तुझ्या बायकोचा खोकला गेला का? करवतीचा भुसा वाईट, तोंडाला फडकं बांधायला सांग. मी बरी आहे. खुर्च्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम आहे, मागेच खोली दिली आहे. मालकीण किरकिरी आहे, पण मी तिच्याहून किरकिरी, म्हणून जमतं.

आता कामाचं. मशीन चालू करायची घाई नको. आधी फरशी बघ. चारही पाय टेकले पाहिजेत. एखादा डुगडुगला तर खाली पत्रा घाल, कागदाची घडी नको. बाजूची पट्टी पात्याला समांतर आहे का ते पुढून मोज आणि मागूनही मोज. मागे आवळली असली तर लाकूड अडकतं आणि गोळी सुटावी तसं उलटं अंगावर येतं. म्हणून पात्याच्या सरळ रेषेत उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. पात्यावरचं झाकण मी नवं पाठवलंय. ते लाव. जुनं ह्यांनी कधीच काढून फेकलं.

मोटर दोन घोड्यांची आहे. तिला मेन बोर्डापासून वेगळी जाड वायर हवी. वायरमनकडून ओढून घे, स्वतः शहाणपणा करू नकोस. दिव्याच्या पॉइंटवरून एक्स्टेंशन लावलंस तर शेड जाळशील. अर्थिंगची तिसरी पीन ह्यांनी कापली होती, सॉकेटात बसत नाही म्हणून. नवा प्लग घाल. पातं बदलताना प्लग काढून डोळ्यांसमोर ठेव.

आणि बटण बदल.

वायरमनला सांग, वीज गेली की आपोआप पडणारं बटण पाहिजे. वीज परत आली तरी आपण दाबल्याशिवाय मशीन फिरता कामा नये. पुढच्या बाजूला मांडीच्या उंचीवर बसव, म्हणजे हात गुंतलेले असले तरी गुडघ्याने मारता येतं.

तू लिहितोस, भावजी म्हणतात जुनं बटण चांगलं आहे, बायकांचं ऐकून कारखाने चालत नसतात. भावजी एका हाताने सगळं शिकवतात. भावजींचा हात ठणकतो, तुझी आठवण काढतात, ताई तू परत ये, माणूस पांगळा झाला की बायकोनेच बघायचं असतं. आणि तुझी बायको पलीकडून फळ्या धरते, तेही कौतुकाने लिहिलंस. ते वाचून झाल्यावर पत्र तीन दिवस डब्याखाली ठेवलं होतं.

तू पहिल्यापासून हट्टी. कारण कळल्याशिवाय बटण बदलणार नाहीस. मग ऐक.

ह्यांचा अपघात कसा झाला ते तुला ठाऊक आहे. वीज गेली, बटण चालूच राहिलं, हात पात्यावर होता, वीज आली. सगळं खरं आहे. पण हात तिथे कशाला होता, हे तू कधी विचारलं नाहीस.

दुपारची वेळ. कपाटाच्या आठ फळ्या मी आखल्या होत्या. पातं आपल्या जाडीएवढं लाकूड खातं, ते एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, धरायचं माझ्याकडून राहिलं. शेवटची फळी अर्ध्यात असताना वीज गेली. त्याने फळी ओढून काढली. बटण बंद केलं नाही, कधीच करायचा नाही. रिकामं बसवेना म्हणून मापं घेतली. सगळ्या फळ्या एक सूत कमी.

"डोळे आहेत की खिळ्यांची भोकं?" म्हणाला आणि त्याच फळीने मारलं. पहिली पाठीवर, दुसरी कानावर. रक्त दिसलं तसा जास्तच चेकाळला. केस धरून माझा गाल टेबलावर दाबला, पात्यापासून वीतभर. "घे, जवळून बघ. आता दिसतं का सूत?" तोल जाऊ नये म्हणून दुसरा पंजा पात्याच्या दातांवरच टेकला होता.

हे पहिल्यांदा नव्हतं. माझा दात गेला तेव्हा मी जिन्यावरून पडले म्हणून सांगितलं होतं. आमच्या घराला जिना नव्हता, धाकट्या. तू चार वेळा येऊन जेवून गेला होतास.

आमच्याकडे वीज आधी समोरच्या ओळीत यायची, मग आमच्या. मध्ये दहा आकडे मोजून व्हायचे. समोरच्या पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर घुरघुरला. माझा एक कान फुटला होता, दुसऱ्याने ऐकलं. त्याने ऐकलं नाही, तो ओरडत होता. मी मोजायला लागले. चारपर्यंत वाटलं, सांगावं, हात काढ. पाचला त्याने माझं डोकं उचलून पुन्हा आपटलं.

मग मी सांगितलं नाही.

इथेच थांबणार होते. पण तेवढ्याने तू बटण बदलशील, त्याला शेडबाहेर काढणार नाहीस. सातला मी त्याच्या पात्यावरच्या हाताचं मनगट दोन्ही हातांनी धरलं. त्याला वाटलं, गयावया करते. "आता कशी वळणावर आली," म्हणून हसला. मी सोडलं नाही. वीज आली.

रक्त माझ्या तोंडात गेलं. तीन बोटं आणि अर्धा अंगठा. मेन मीच पाडला, ओढणीने हात मीच आवळला, भुशातून बोटं मीच वेचली. दवाखान्यात तो म्हणाला, अपघात. अजून तेच म्हणतो. मला वाचवायला नाही. माझं नाव घेतलं तर त्याचा दुसरा हात कुठे होता ते सांगावं लागेल.

तो आता तुझ्या बायकोला मापं शिकवतोय. तिचं एखादं सूत चुकेलच, कोणाचं चुकत नाही? त्याचा एक हात अजून शाबूत आहे.

मी येणार नाही. त्याला काढ, आजच काढ. माझं तोंड बघायचं नसेल तर बघू नकोस. हे पत्र पोलिसांना दाखवायचं तर दाखव, अक्षर माझंच आहे. पण त्याआधी बायकोला जवळ बसवून विचार. ती काही नाही म्हणाली, तर तिची पाठ बघ.

ज्या हातांनी तुला न्हाऊ-माखू घातलं, त्याच हातांनी हे केलेली,

तुझी ताई