तक्रार : काही नाही

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात. मोठं होण्याआधीच सुरू केलेली बरी, नंतर वेळ मिळत नाही.

आज दवाखान्यात मीटिंग झाली. मोठे डॉक्टर (डोळे) वैतागले होते. एका छपराखाली चार डॉक्टर आणि पाच फॉर्म : डोळ्यांचा, दातांचा, कान-नाक-घशाचा, गुडघ्यांचा आणि शेवटी अभिप्रायाचा. पेशंट प्रत्येक दारात नाव, वय, पत्ता नव्याने लिहितो आणि तपासायच्या आधीच दमतो. कोणीतरी हे सगळे फॉर्म एकत्र करा, असं डॉक्टर म्हणाले. ‘कोणीतरी’ म्हणताना ते माझ्याकडे बघत होते. मामांचं म्हणणं, ते माझ्या मागच्या घड्याळाकडे बघत होते. मामा आमचे शिपाई. त्यांना माणसं वाचता येत नाहीत.

मॅनेजर सोडून गेल्यापासून काचेची केबिन रिकामी आहे. मी सरळ हिशोब केला. फॉर्म एक झाला की मॅनेजर मी, आणि मॅनेजर झालो की केबिन माझी. केबिनला दार आहे. लहानपणी आम्ही चौघे भाऊ एका खोलीत. लग्नानंतर झोपायला हॉल. नोकरीत काउंटर, तोही दोन्ही बाजूंनी उघडा. जन्मात स्वतःचं दार मिळालेलं नाही. मला ते दार हवंय.

४ मार्च, मंगळवार

योजना : शुक्रवारपर्यंत फॉर्म तयार. शनिवारी, रविवारी विश्रांती. सोमवारी केबिन.

घरी बायकोला सांगितलं. गुडघ्याला बाशिंग बांधून बसू नका, म्हणाली. म्हटलं, गुडघ्याचा फॉर्म चौथ्या पानावर आहे, त्याचीही वेळ येईल. हा विनोद तिला कळला नाही. पुन्हा सांगितला. तरीही नाही.

साडूंना बातमी लागलीच. (ही आणि हिची बहीण फोनवर रोज काय बोलतात, ते आता कळलं.) साडू कॉम्प्युटरमधले. मी अर्ध्या तासात करून देतो, म्हणाले. मी आभार मानून नको म्हटलं. पाच फाईली एकाखाली एक चिकटवायच्या, त्यात कॉम्प्युटरचा काय संबंध? शिवाय साडूंची मदत घ्यायची म्हणजे यापुढे घरातल्या प्रत्येक लग्नात तो किस्सा ऐकायचा.

५ मार्च, बुधवार

चिकटवले. डोळ्यांचा फॉर्म उभा होता, दातांचा आडवा. एकत्र आल्यावर दोघेही आडवे. गुडघ्याच्या फॉर्मवर गुडघ्याचं चित्र होतं, ते उडी मारून दातांच्या पानावर गेलं. ओढून आणायला गेलो तर कानात शिरलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे अंगण खरंच वाकडं आहे, मी स्क्रीनला पट्टी लावून पाहिलं.

पानांचे नंबर : १, १, १, १, १. निदान समानता आहे.

६ मार्च, गुरुवार

आज कामाला हातच लागला नाही. पेशंट सारखे विचारत होते. दातांच्या मॅडम कुठे बसतात असं कोणी विचारलं की मी नुसतं बोट दाखवत नाही. त्या आता कुठे बसतात, आधी कुठे बसायच्या, जागा का बदलली, सगळं सांगतो. पेशंटला आपलेपणा वाटला पाहिजे. एक गृहस्थ ऐकता ऐकता काउंटरला टेकून झोपले, इतके निर्धास्त झाले.

अभिप्रायाचे दोन फॉर्म आले. नेहमीप्रमाणे खालच्या ड्रॉवरमध्ये टाकले. दुखण्याच्या भरात लोक काहीबाही लिहितात, डॉक्टरांच्या डोक्याला ताप नको. मी आल्यापासून एकही तक्रार वर गेलेली नाही. असं रेकॉर्ड दुसऱ्या कुठल्या दवाखान्याचं असेल असं वाटत नाही.

७ मार्च, शुक्रवार

फॉर्म जवळजवळ तयार. म्हणजे पाने आहेत. मजकूरही आहे. फक्त अजून एकमेकांना भेटलेले नाहीत.

८ मार्च, शनिवार, दुपारी

जमलं!

डोळ्यांच्या पानावरचा नावाचा रकाना उचलून बाकीच्या चार पानांवर चिकटवला. पहिल्या पानावर माझं नाव टाइप केलं, तर पाचही पानांवर आपोआप उमटलं. रकाने आतून एकमेकांना जोडलेले निघाले. कसे, ते मला माहीत नाही. वीज कशी तयार होते ते तरी कुठे माहीत आहे, पण दिवा लावतोच ना!

मग थांबलो नाही. वय जोडलं. पत्ता जोडला. पाचही फॉर्मवर ‘तक्रार’, ‘कधीपासून’ आणि ‘अपेक्षा’ असे रकाने होतेच. शब्द एकच, मग रकाने पाच कशाला? तेही जोडले. एका दगडात पाच पक्षी.

शास्त्रज्ञ करतात तशी चाचणी स्वतःवरच केली. नाव : माझं. तक्रार : काही नाही. पाचही पानांवर ‘काही नाही’. इतका निरोगी कागद मी आजवर पाहिलेला नाही. कोणी ढवळाढवळ करू नये म्हणून रकाने बदलायला पासवर्ड घातला. तो कुठेही लिहिलेला नाही. डोक्यात आहे.

आनंदाच्या भरात घरी येऊन थेट स्वयंपाकघरात हिला उचलायला गेलो. कमरेत चमक भरली. पण आनंदात.

१० मार्च, सोमवार

उद्घाटन. दवाखान्याच्या हॉलमध्ये कॉम्प्युटर मांडला. भिंतीवर मीच लिहिलेला कागद लावला : ‘एक पेशंट, एक फॉर्म!’ पेशंटने भरायचं, प्रिंटरमधून पाच पाने निघणार, मामा ती खोल्याखोल्यांत पोचवणार. अभिप्रायाचं पान माझ्याकडे. तशी प्रथाच आहे.

पहिले पेशंट एक बँकवाले. तक्रार : डावी दाढ दुखते. पाचही पानांवर डावी दाढ! मोठ्या डॉक्टरांनी आतून विचारलं, ही दाढ माझ्याकडे कशाला? मी म्हटलं, सर, अवयव चार असले तरी माणूस एकच. डॉक्टरांनी टॉर्च उचलला. पटलं असावं. पान हातात आलंच होतं म्हणून त्यांनी डोळे तपासले, तर नंबर निघाला. बँकवाले दाढ घेऊन आले आणि चष्मा लिहून घेऊन गेले. जुन्या पद्धतीत हे झालं असतं का?

११ मार्च, मंगळवार

साडूंचा फोन. हिने सांगितलं असणार. साडू म्हणाले, अहो, रकाना एकच असला तर जे शेवटी लिहिलं जाईल तेच सगळीकडे उमटेल. पेशंटने आधी दाढ लिहिली आणि शेवटच्या पानावर अभिप्रायात तक्रार लिहिली, तर दाढ पुसली जाऊन अभिप्राय सगळ्या डॉक्टरांकडे जाईल. मी म्हटलं, जे शेवटी लिहिलं ते सगळ्यात ताजं, ताजं ते चांगलं. साडूंनी फोन ठेवला. हरल्यावर माणूस असंच करतो.

१२ मार्च, बुधवार

कानवाले डॉक्टर आज एका पेशंटला बराच वेळ सोडत नव्हते. फॉर्मवर होतं, ‘सतत बडबड ऐकू येते. कधीपासून : आत आल्यापासून. अपेक्षा : बंद व्हावी.’ डॉक्टरांनी दोन्ही कान तपासले, मशीनवर बसवलं, कान ठणठणीत. पेशंटबाई म्हणत होत्या की मी घशासाठी आलेय. शेवटी डॉक्टर बाहेर आले आणि काउंटरपाशी थोडा वेळ नुसते उभे राहिले. त्यांना करमत नसावं. मी त्यांना केबिनच्या पडद्यांचा रंग काय असावा ते समजावून सांगितलं. मध्येच ते कानाला हात लावून आत गेले.

१३ मार्च, गुरुवार

लोकांना आपल्या दातांची किंमत नाही. दातांच्या मॅडमकडे गेलेल्या फॉर्मवर आज होतं, ‘पुढचा एक काढून टाका, बाकीचे चांगले आहेत.’ मॅडमनी पाहिलं तर पुढचे सगळे भक्कम. नक्की कुठला, असं विचारलं तेव्हा पेशंटने म्हणे तोंड न उघडता दाराबाहेर बोट केलं. मॅडम दारात येऊन माझ्याकडे बघत राहिल्या. मी हसलो. त्या हसल्या नाहीत. दातांच्या डॉक्टरांनी तरी हसायला हवं.

गुडघेवाल्या सरांच्या फॉर्मवर होतं, ‘उभं करून गोष्टी सांगतात, पाय भरून येतात.’ सरांनी पेशंटला पायांचे व्यायाम दिले.

दुपारी मॅडमनी निरोप पाठवला, ‘तक्रार’चे रकाने वेगळे करा. लगेच बसलो. पासवर्ड मला माहीत आहे, कॉम्प्युटरला पटत नाही. हिची जन्मतारीख घालून पाहिली. मग कळलं की तीही चुकीची आठवत होती.

१४ मार्च, शुक्रवार

उद्या संध्याकाळी मीटिंग. चारही डॉक्टर आणि मी! फक्त मी! अजेंडा : ‘नवीन फॉर्म आणि पुढील व्यवस्था’. पुढील व्यवस्था म्हणजे काय ते न कळायला मी काही मामा नाही.

निळा शर्ट इस्त्रीला. तिन्ही भावांना फोन केले. मोठ्या भावाने विचारलं, पगार किती वाढणार? मी म्हटलं, दार आहे. भाषणाची तयारी केली. हिला ऐकवलं. ती भाजी निवडत होती. एवढं मोठं बोलू नका, म्हणाली. मोठं म्हणजे लांब की मोठ्याने, ते विचारायचं राहिलं.

१५ मार्च, शनिवार

मीटिंग झाली.

डॉक्टरांनी आपापली पाने टेबलावर एकाशेजारी एक मांडली. मोठ्या डॉक्टरांनी एकेक वाचून दाखवलं. बडबड बंद व्हावी, ती माझी. पुढचा काढून टाका, तो पुढे काउंटरवर बसलेला मी. पाय भरून येतात, तेही माझ्यासमोर उभं राहून. वाचताना कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मग कानवाल्यांनी विचारलं, आधीचे अभिप्राय कुठे आहेत? मी आठवायला लागलो, तोवर दाराबाहेर बसलेले मामा उठून खालचा अख्खा ड्रॉवरच घेऊन आले. तो घट्ट भरला होता. मॅडमनी वरचे काही वाचले आणि मग वाचायच्या थांबल्या.

मोठे डॉक्टर म्हणाले, ‘फॉर्मचं काम मात्र तुम्ही चोख केलंत. पेशंट काय म्हणतात ते आम्हाला पहिल्यांदाच कळलं.’

माझे कान तापले होते. खाली बघत होतो, शर्टाची कडक इस्त्री दिसत होती. तेवढ्यात त्यांनी निर्णय सांगितला. सोमवारपासून मी काउंटरवर बसायचं नाही. पाचही फॉर्म पुन्हा वेगवेगळे टाइप करायचे, पहिल्यापासून. त्यासाठी शांत जागा हवी, म्हणून बसायचं केबिनमध्ये.

केबिनमध्ये!

घरी येऊन हिला सगळं सांगितलं, ड्रॉवरचं थोडक्यात आणि केबिनचं सविस्तर. हात दाखवून अवलक्षण, एवढंच म्हणाली. तिला म्हटलं, उद्देश काय होता? केबिन. मिळाली काय? केबिन. मधलं कोण लक्षात ठेवतं.

१७ मार्च, सोमवार

दार लावलं. उघडलं. पुन्हा लावलं. फिरणारी खुर्ची आहे, चांगली फिरते. मॅनेजर असं कोणी स्पष्ट म्हटलेलं नाही, पण खुर्ची काय ते सांगते. उन्हाचा त्रास होतो म्हणून काचेला फिल्म लावली आहे, आतून बाहेरचं दिसतं, बाहेरून आतलं नाही. साहेबांच्या गाड्यांना असते तशी.

डोळ्यांचा फॉर्म टाइप केला. इथे कोणी मध्ये बोलत नाही. फार झकास.

१८ मार्च, मंगळवार

दातांचा फॉर्म झाला. शांतता आहे.

काउंटरवर आता मामा बसतात. काचेतून पाहिलं, एका आजींनी काहीतरी विचारलं. मामांनी नुसतं बोट दाखवलं. आजी निघून गेल्या. त्यांनी खोली विचारली की औषध, की घरी जायची रिक्षा? मामांनी आणखी काही विचारायला हवं होतं.

१९ मार्च, बुधवार

कानाचा फॉर्म. मामा चहा घेऊन आले. मी त्यांना काउंटरच्या कामाच्या चार गोष्टी सांगायला घेतल्या. पेशंट उभे आहेत, म्हणून ते गेले. कप न्यायला परत येतील म्हणून चहा सावकाश प्यायलो. कप मीच बाहेर नेऊन ठेवला.

इंटरकॉम उचलून पाहिला. तो जोडलेलाच नाही.

२० मार्च, गुरुवार

गुडघ्यांचाही झाला. आता अभिप्रायाचा राहिला. ‘तक्रार’ हा शब्द टाइप केला आणि पुढचा रकाना रिकामा ठेवून बराच वेळ बसलो.

मोठ्या डॉक्टरांना सहज विचारलं, दार उघडं ठेवलं तर चालेल का? एसी आहे, म्हणाले.

२१ मार्च, शुक्रवार

आज सकाळी एक बाई काचेपाशी आल्या आणि थेट माझ्याकडे बघून छान हसल्या. आठवड्यातला पहिला पेशंट. मी उठून उभा राहिलो. दातांच्या मॅडम उजवीकडे दुसऱ्या खोलीत, आधी त्या जिन्याखाली बसायच्या, तिथे ओल यायची म्हणून जागा बदलली, असं सगळं पहिल्यापासून नीट सांगितलं. बाईंनी ओठ ताणून पुढचे दात बघितले, केस सारखे केले आणि गेल्या. त्या काचेत स्वतःला बघत होत्या.

खाली बसलो. करमत नाही मला इथे. लिहून टाकलं एकदाचं.

संध्याकाळी घरी हिला हे सांगितलं. वाटलं, आता ही हसणार आणि बहिणीला फोन लावणार. ती हसली नाही. गॅस बंद केला, हात पुसले आणि माझ्यासमोर खुर्ची ओढून बसली. बोला, म्हणाली, ऐकतेय मी.

मला काही बोलायला सुचेना.