वारा नसलेली बाजू

काकू, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी स्कॉटलंडात बर्फ पडल्याची बातमी आली की मला आधी तुमचा ओरडा आठवतो. मँचेस्टरच्या हॉस्पिटलात जन्मभर लोकांना भूल देणाऱ्या तुम्ही, आणि ब्रॅकनेलच्या आयटी ऑफिसातून वीकेंडला तुमच्याकडे हक्काने जेवायला येणारे आम्ही नवीन नवरा-बायको. किचनमध्ये एका हाताने साबुदाण्याची खिचडी परतत तुम्ही लॅपटॉपवर अ‍ॅव्हलांचचा, म्हणजे डोंगरावरून बर्फ कोसळण्याचा, फोरकास्ट वाचायचात. ‘बर्फ किती पडला ते नंतर. आधी वारा कुठून आला ते बघायचं,’ म्हणायचात. मी आपला ऐटीत, ‘काकू, आम्ही सह्याद्रीत फिरलेली माणसं!’ त्यावर तुमचं ठरलेलं, ‘सह्याद्री राहू दे पुण्यात. इथे मी सांगते ते ऐक.’

तो दोन हजार सहाचा फेब्रुवारी. आपण तिघं डोंगराच्या धारेवरून परत निघालोय आणि वारा असा की धड उभंही राहवत नाही. हिच्या पापण्यांवर बर्फ साचलाय, बिचारी रडकुंडीला आलीये. डाव्या हाताला एक खोलगट उतार आहे, गुळगुळीत, पांढराशुभ्र, तिथे वाऱ्याचा मागमूस नाही. आमची गडावरची सवय अशी, की वाऱ्यात सापडलं की आडोशाची बाजू धरायची. ‘इकडून उतरू, पटकन कार पार्कला पोचू,’ म्हणत मी हिचा हात धरून निघालोच. तुम्ही मागून माझी सॅक पकडून असं खेचलंत की मी बदकन बसलो.

‘मूर्खा! वाऱ्याने अख्ख्या डोंगरावरचा बर्फ उचलून तिथेच आणून टाकलाय. आडोसा आहे म्हणूनच जायचं नाही!’ मग शेजारच्या हातभर चढावर तुम्ही हातातल्या गिर्यारोहणाच्या कुऱ्हाडीने बर्फाचा चौकोन कापलात आणि नुसता हात लावलात. वरचा थर सायीसारखा अलगद निघून आला. ‘आता हा अख्खा उतार समज, आणि त्याच्यावर ही पोर,’ तुम्ही म्हणालात. ही म्हणाली, ‘काकू, मला नाही हो जमणार वाऱ्यातून.’ तुम्ही स्वतःचे जाड हातमोजे तिला घातलेत आणि वाऱ्याच्या बाजूने तिला खेटून शेवटपर्यंत चाललात. मी मागून पुटपुटत येत होतो. गाडीत बसल्यावर म्हटलंसुद्धा, ‘काही झालंही नसतं.’ मला वाटलं, आता पुन्हा बोलणी बसणार. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘नसतंही झालं. माझा पेशंट जागा होतो आणि म्हणतो, मला काही कळलंच नाही. त्यासाठीच तर मी तिथे असते. चहा ओत.’

तुम्ही गेलात त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी हिला घेऊन त्याच डोंगराखाली गेलो. नुसतं हिरवं गवत आणि मेंढ्या, हिने जागा ओळखलीच नाही. मी ओळखली. वरून जे दिसत नव्हतं ते खालून दिसलं: तो उतार वाटेपर्यंत येतच नाही, मध्येच तुटतो, आणि त्या कड्याखाली खोलीएवढाले धोंडे पडलेत. त्यातल्याच एकावर ही ऐसपैस बसली आणि म्हणाली, ‘अरे, फोटो काढ ना!’ मी फोटो काढला, काकू. तुम्ही समोर असतात तर पायच धरले असते.

तो फोटो आमच्या हॉलमध्ये लावलाय. आल्यागेल्याला ही कौतुकाने दाखवते. ती कुठे बसलीये, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. जीभच उचलत नाही. हे पत्र तुम्हाला पाठवता येत नाही, आणि घरात ठेवलं तर तिच्या हाती लागेल. लागलं तर लागू दे, असं आज पहिल्यांदाच वाटतंय.