डबीवरचा रुमाल

मी, सूर्यभान भिकन मिसाळ, वय चौऱ्याहत्तर, पूर्वी चिकलठाण्याच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन, आता घरीच, राहणार सिडको, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. साखर आहे, पण ती रक्तात. बोलण्यात कधीच नव्हती. मला कोणी धाक घातलेला नाही की गोड बोलून भरीस घातलेले नाही. याआधी मृत्युपत्र केले नाही, कारण वाटण्यासारखे फार नव्हते आणि सांगण्यासारखे जे होते त्याची लाज वाटत होती.

कलम १. माझ्या मागे पत्नी बानाबाई, पुण्यात नोकरीला असलेला मुलगा बद्रीनाथ आणि सिल्लोडला दिलेली मुलगी सरू अशी तीन माणसे आहेत. या कागदाप्रमाणे सगळे घडवून आणण्याचे काम माझे मित्र साहेबराव दाभाडे यांच्याकडे देतो. कारखान्यात मी शिडीवर चढायचो आणि ते खालून शिडी धरायचे. धरलेली शिडी त्यांनी कधी सोडली नाही.

कलम २. सिडकोतले घर बानाबाईचे. तिच्या हयातीत ते कोणी विकू नये, गहाण टाकू नये. हे घर घेताना माझ्या वडिलांनी दौलताबादेकडची मेंढरे विकली आणि बानाबाईने गळ्यातले मोडले. माझा हिस्सा एवढाच की भिंतींतली प्रत्येक वायर मी स्वतः ओढली. पुढे काय झाले ते कलम ६ मध्ये आहे.

कलम ३. बँकेतली ठेव बानाबाईच्या पश्चात बद्रीनाथ आणि सरू यांना सारखी. सरूकडून हक्कसोडपत्र घेऊ नये. भाऊबीजेला साडी दिली म्हणजे बहिणीचा वाटा फिटत नाही.

कलम ४. गावाकडची माझी जमीन त्या दोघांनाच सारखी. शेजारचा चुलत भाऊ सर्जेराव दर पेरणीला बांध कोरत आला आहे. मोजणी आणून खुशाल हद्द कायम करावी. मी त्याला माफ केलेले नाही, फक्त भांडायचा कंटाळा आला आहे.

कलम ५. पक्कड, ड्रिल मशीन, शिडी आणि बाकी सगळी हत्यारे गल्लीतल्या कडुबा वायरमनला द्यावीत. टेस्टर मात्र बानाबाईकडे राहील. हत्यारांच्या पेटीत तळाशी भरतकाम केलेला एक रुमाल आहे, तो कडुबाला देऊ नये. तो कोणाचा आणि तिथे कसा आला, हे लिहिण्यासाठीच खरे तर हा कागद करतो आहे.

कलम ६. दोन वर्षांपूर्वी बद्रीनाथने हौसेने घर नवीन करून दिले. दिवे, पंखे, फाटक, सगळे बिनतारी, मोबाईलवर चालणारे. भिंतींवरची बटणे काढून तिथे कोऱ्या पट्ट्या बसवल्या. जन्मभर वायरिंग केलेला मी, 'एक तरी बटण राहू दे' एवढे म्हणालो नाही. मुलगा शिकलेला, लोक बघायला येत होते, मला मिरवायचे होते.

बानाबाईची बोटे मोबाईलला कळेनात. मेंढरांमागे, शेतात आणि धुण्याभांड्यांत ती इतकी घासली आहेत की काचेवर टेकली तरी काचेला पत्ता लागत नाही. म्हणून मी पैठण गेटवरून एक युनिव्हर्सल रिमोट आणला. तो दिव्यासमोर धरून सगळी बटणे दाबली, चालू झाला फक्त टीव्ही. दुकानदाराने समजावले की रिमोटमधून डोळ्याला न दिसणारा उजेड निघतो. तो टीव्हीला कळतो, पण बद्रीनाथच्या दिव्यांना कळत नाही. ते लहरी ऐकतात, रेडिओसारखे. मध्ये एक डबी ठेवावी लागते, ती रिमोटचा उजेड घेते आणि दिव्यांना लहरींमधून निरोप देते. डबी आणली, टीव्हीशेजारी फळीवर ठेवली आणि घर रिमोटवर चालू लागले.

बानाबाईला वाचता येत नाही. तिने देवघराच्या दिव्याच्या बटणावर टिकली चिकटवली, पंख्याच्या बटणावर लोकरीचा धागा, फाटकाच्या बटणावर मणी. मग तिला कोणाची गरज उरली नाही. तिन्हीसांजेला टिकली दाबायची आणि दिवा लागला की रिमोट काखेत धरून हात जोडायची. मला ते बघायला आवडायचे. तसे तिला कधी सांगितले नाही.

दिवाळीत बद्रीनाथचे सासरचे लोक आले होते. मी मोठेपणाने म्हणालो, बानाबाई, दिवा लावून दाखव. तिने टिकली दाबली. काही नाही. पुन्हा दाबली, जवळ जाऊन दाबली. पाहुणे हसले तशी माझी जीभ सुटली. सगळ्यांसमोर म्हणालो, "अडाण्याच्या हाती दिलं की असंच व्हतं. परत हात लावू नको." तिने रिमोट टेबलावर ठेवला आणि पाहुण्यांना चहा करायला गेली.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेली तेव्हा मी तपासले. डबीवर रुमाल होता, पोपट भरलेला. आमच्या घरात टीव्हीवर, मिक्सरवर, पूर्वी फोनवर, सगळ्यावर तिच्या हातचे काही ना काही झाकलेले असते. चांगल्या वस्तूवर धूळ बसू नये एवढाच तिचा हेतू. पाहुणे येणार म्हणून तिने डबीलाही नेसवले होते. उजेड आत जाईल कुठून? यात अडाणीपणा नव्हता. डबी उघडी राहिली पाहिजे हे तिला सांगायचे राहिले, ती चूक माझी होती.

मी रुमाल काढून पेटीत तळाशी दडवला आणि संध्याकाळी सगळ्यांसमोर दिवा लावून, मी दुरुस्त केले, असे सांगितले. पाहुण्यांनी वाहवा केली. मी ती घेतली.

त्यानंतर तिने रिमोटला हात लावला नाही. मार्गशीर्षात मी सरूकडे गेलो होतो, यायला उशीर झाला. साहेबराव सहज घरी आले तर बानाबाई देवघराच्या उंबऱ्याशी अंधारात बसलेली आणि रिमोट समोर टेबलावर. त्यांनी विचारले तेव्हा म्हणाली, "मला हात लावायची मनाई हाय, भाऊजी." साहेबरावांनी हे मला सांगितले आणि वर एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते.

ते का बोलले नाहीत हे मला ठाऊक आहे. १९९४च्या जानेवारीत विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल लागला. त्या नावासाठी साहेबरावांनी लाठ्या खाल्ल्या होत्या, तुरुंग पाहिला होता. त्या संध्याकाळी तुमच्या दारावर दिव्यांची माळ लावून देतो, असा मी शब्द दिला होता. तेवढ्यात गावाकडून भावकीतले दोघे येऊन बसले आणि त्यांच्यादेखत साहेबरावांच्या दारी जायला बिचकून मी चहा पीत राहिलो. बानाबाई आमची दिवाळीची माळ पिशवीत घालून एकटी गेली. माळेतला एक बल्ब गेलेला होता, म्हणून सगळी माळ बंद होती. तिने माझा टेस्टर लावून तो शोधला, काढून टाकला, सुटलेल्या तारा एकत्र पिळल्या आणि माळ लावून आली. जिला मी अडाणी म्हणालो ती ही बाई, आणि हे साहेबरावांनी डोळ्यांनी पाहिलेले.

म्हणून लिहून ठेवतो. घराच्या सगळ्या बिनतारी वस्तूंचा ताबा बद्रीनाथने आईकडे द्यावा आणि पुण्यातून एकही दिवा लावू नये, विझवू नये. प्रत्येक खोलीत एक साधे बटण कडुबाकडून बसवून घ्यावे. आणि माझ्या मृत्यूनंतर हे कलम साहेबरावांनी बानाबाईला मोठ्याने वाचून दाखवावे, म्हणजे चूक तिची नव्हती हे तिला कळेल.

पुरवणी. सह्या करण्याआधी साक्षीदारांना मजकूर वाचून दाखवत होतो. आज नामविस्तार दिन, म्हणून साहेबराव विद्यापीठाच्या गेटवर जाऊन थेट इकडे आले होते. शेजारचे आप्पासाहेबही होते. बानाबाई स्वयंपाकघरात होती आणि दार उघडे आहे हे माझ्या लक्षात नव्हते. कलम ६ संपले तेव्हा ती बाहेर येऊन उभी होती.

म्हणाली, "रुमाल पेटीत हाय, ते मला दुसऱ्या दिवशीच दिसलं. तुमचा चष्मा हुडकत व्हते."

मी विचारले, मग बोलली का नाहीस? अंधारात का बसलीस?

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले." मग माझ्या हातातल्या कागदाकडे बघून म्हणाली, "मेल्यावर सांगणार व्हता व्हय? मग मी भांडू कुणाशी?"

तिने टेबलावरचा रिमोट उचलला, टिकली दाबली, रिमोट काखेत धरला आणि लागलेल्या दिव्याला हात जोडले. आप्पासाहेबांनी जोडले. साहेबराव शांत उभे राहिले. मला हात वर करायला वेळ लागला.

सबब कलम ६ मधील 'माझ्या मृत्यूनंतर' हे दोन शब्द मी खोडले आहेत. खोडल्या जागी माझी व दोन्ही साक्षीदारांची छोटी सही आहे. बाकी मजकूर कायम.

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १४ जानेवारी २०२४, दिवेलागणीनंतर

लिहून देणार: सूर्यभान भिकन मिसाळ (सही)

आमच्या डोळ्यांदेखत त्यांनी सही केली, त्यांच्या व एकमेकांच्या समोर आम्ही केली:
१. साहेबराव दाभाडे (सही)
२. आप्पासाहेब बनकर (सही)