बांधाच्या अंगाची बिळं

५ जानेवारी, रविवार

गेली. आमची खाडी गेली! डिसेंबरभर जमलं नव्हतं, आज गेलो तर चिखलाच्या जागी डबर, भोवती पत्र्याचं कुंपण, आत डंपर. जिथे मी आणि उन्नती गुडघाभर चिखलात निवट्या पकडायचो, तिथे एक माणूस बूट घालून फिरत होता. मला रडूच आलं.

"ताई, दुसरी जागा शोधू," उन्नती म्हणाली.

समोरच्या फ्लॅटमधली, साताऱ्याकडची पोर. पहिल्यांदा माझ्या टोपलीत निवटी बघितली तेव्हा पाल समजून किंचाळली होती. मासा आहे गं तो, चिखलात बीळ करून राहतो, डोळे तेवढे वर काढतो! सगळं मी शिकवलं तिला. बिळाला दोन तोंडं असतात. एकावर टाच दाबायची, दुसऱ्यात हात घालायचा. चुकली की मी ओरडायचे. पार पलीकडच्या काठापर्यंत ऐकू जायचं. ओरडले म्हणून तर शिकली.

१२ जानेवारी, रविवार

जागा शोधणं म्हणजे मुलीला स्थळ बघण्यातला प्रकार. सरकारी किनारा बघितला तर कांदळवनाची पाटी, आत यायला मनाई. दुसरीकडे गावातल्या बायकाच अंगावर आल्या — आमच्या खाडीत आमीच! बरोबरच आहे त्यांचं. म्हणून खाजगी जागा विचारत फिरलो. एकाने फाटक उघडलंच नाही. दुसरा हसून म्हणाला, "निवट्या? त्या अजून खातं कोण?" त्याला काय सांगणार!

परत येताना मी तिथीवरून पुढच्या रविवारची ओहोटी काढली. उन्नतीने मोबाइलमध्ये बघितली. दोघींचं उत्तर एकच आलं. उगाचच राग आला मला.

१९ जानेवारी, रविवार

मिळाली जागा. पण मला नाही.

नंदाखाल. सेलिनबाई नावाच्या एक म्हाताऱ्या, चर्चमधल्या मिस्साहून नुकत्या आलेल्या. केळीची वाडी, वाडीत बावखल — गोड्या पाण्याचं तळं, त्याच्यावरच सगळी वाडी जगते. मागे खाडीचं खारं पाणी अडवणारा बांध, बांधापलीकडे त्यांचंच खाजण. आणि त्या चिखलात निवट्या! नुसते डोळेच डोळे!

मला राहवेना. बोलत सुटले. आमचं कोकणातलं घर, आईचा हात, आमच्याकडचे बांध कसे दगडी, इथले कसे नुसते मातीचे. उन्नती चपला हातात घेऊन गप्प उभी. सेलिनबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एकच मानूस येईल. जास्त पाय नको माझ्या खाजनात." मी पदर खोचायला घेतला. तर उन्नतीकडे बोट — "ही येऊ दे. ही गप असते."

पहिल्या शिकारीतला वाटा मालकिणीच्या घरी द्यायचा, ही रीत मीच सांगितली उन्नतीला येताना. नाहीतर हिला कुठलं कळायला!

२१ जानेवारी, मंगळवार

उन्नती डबा घेऊन आली. निवट्या, मसाला लावून, कडकडीत तळलेल्या. ह्यांनी चार खाल्ल्या आणि म्हणाले, "हात बसला हो पोरीचा." वर माझ्याकडे बघून, "तुझ्याइतकाच!"

दिनानाथरावांना बायकोच्या मनातलं इतक्या वर्षांत एकदाही कळलेलं नाही. मी म्हटलं मीठ जास्त आहे. नव्हतं.

२६ जानेवारी, रविवार

ओहोटी दुपारनंतर. उन्नतीच्या दाराला दुपारपासून कुलूप. कुठे गेली ते सांगायला नको.

२९ जानेवारी, बुधवार

जिन्यात भेटली. सेलिनबाईंनी तिला केळफूल दिलं म्हणे. कॉफीला बसवलं म्हणे. "मला बाय म्हणतात त्या, ताई! मी त्यांना सांगितलं, सगळं माझ्या ताईंनी शिकवलंय." मी म्हटलं, अगंबाई, हो का. घरात आले आणि भांडी आपटली. जळतेय मी, दुसरं काही नाही. इथे लिहायला काय हरकत आहे? जन्म खाडीत गेला माझा, आणि केळफूल हिला!

२ फेब्रुवारी, रविवार

निर्मळला देवळात जाते सांगून निघाले. गेलेही. हात जोडले आणि तिथूनच रिक्षा केली नंदाखालला.

वाडीच्या कडेला माड आहेत, त्यांच्या आड उभी राहिले. ऊन चढलं तशी छत्री उघडली, माझी नेहमीची जांभळी, एक काडी मोडलेली. समोर उन्नती. साडीचा काष्टा माझ्यासारखा, टोपली माझ्यासारखी कमरेला. एका बिळावर टाच, दुसऱ्यात हात — आणि निवटी वर! खरं सांगते, आधी छान वाटलं. मग नाही.

मग ती सरकत सरकत बांधाला भिडली. मोठ्या निवट्या बांधाच्याच अंगाला बसतात. हात पुरेना तशी खुरपं घेऊन बीळ मोठं करायला लागली. एक झालं, दुसरं झालं. आई म्हणायची, बांधाच्या अंगाचं बीळ हातभर मासा दाखवत असलं तरी त्याला शिवायचं नाही. माती आतून सुटते, मग उधाणाचं पाणी वाट काढतं. आमच्या जुन्या खाडीला बांधच नव्हता, त्यामुळे उन्नतीला हे सांगायची वेळ कधी आली नव्हती.

आज आली होती. तोंड उघडलं होतं मी! पण मनात आलं, बांध खणलेला दिसला की सेलिनबाई हिला हाकलतील. ओरडा खाऊ दे एकदा. कळू दे त्यांना कोण जाणतं ते.

छत्री मिटली आणि निघाले.

३ फेब्रुवारी, सोमवार

दोन-चार बिळांनी काही होत नाही. बांध काय आजचा आहे?

८ फेब्रुवारी, शनिवार

उन्नती पोराच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाचं सांगत होती. उद्या खाजणात जाणार नाही म्हणाली. आता तरी सांगावं म्हणून थांबले होते दारात. कुकरची शिट्टी झाली, आत आले. शिट्टीचं काय, गॅस ह्यांनी बंद केला असता.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

पौर्णिमेच्या उधाणाने बांध फुटला. बावखलात खाडी शिरली.

सकाळी उन्नतीला फोन आला, ती मला घेऊनच धावली. बांधाला माणूस जाईल एवढं भगदाड, बरोबर तिथेच. पाण्यावर मासे उलटे. सेलिनबाई काठावर बसलेल्या. ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावलं आणि थुंकल्या. "पानी खारं झालं गो. आता पावसापर्यंत मी केळीला काय घालू?" ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

उन्नती तिथल्या तिथे म्हणाली, "मीच खणलं होतं, मावशी. माझी चूक." कोणी विचारलंही नव्हतं तिला.

मी? मी नाकाला पदर लावून उभी होते.

१६ फेब्रुवारी, रविवार

सेलिनबाईंचा फोन. उन्नती दोन दिवस घमेलं घेऊन बांधावर माती टाकतेय, पण त्यांचं मन उडालं. "त्या पोरीला आता माझ्या खाजनात धाडू नको. तू ये. तू जुनी, तुला ठाव असंल कुठं हात घालायचा."

मिळालं! जे हवं होतं ते मिळालं. फोन ठेवला आणि क्षणभर — लाज वाटते लिहायला — हसू आलं मला.

टोपली धुऊन उन्हात ठेवली. हे म्हणाले, जेवायला बस. बसले नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

उन्नती खुरपं परत द्यायला आली. हाताला फोड आलेले. आत ये म्हटलं तर आली नाही.

"ताई, त्या रविवारी माडाखाली तुम्ही होतात ना? जांभळी छत्री लांबूनच ओळखली. मी हातही केला. तुम्ही काही ओरडला नाहीत, म्हणून म्हटलं, बरोबरच खणतेय आपण."