हानादा-सानची साक्ष

त्सुकुबा (जपान), रविवार संध्याकाळ

मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चमध्ये आज उपवासाचा रविवार होता; या दिवशी सभासद उपाशी राहून आपल्या श्रद्धेची साक्ष देतात. सभेनंतर ऐंशीच्या हानादा-सानना या चर्चवरच्या माझ्या पीएच.डी. प्रबंधातलं त्यांच्यावरचं प्रकरण वाचून दाखवलं. गेलेला मुलगा त्यांच्या स्वप्नात येऊन बोलला, ती कथा. ऐकून म्हणाल्या, "प्रार्थनेत तुम्ही डोळे मिटता, म्हणून आपल्यातले समजून सांगितलं हो. छापायला नव्हे."

डोळे मी सवयीने मिटतो, घरी देवापुढे मिटतो तसे. ही फसवणूक झाली का? संमतीपत्रावर त्यांची सही आहे. प्राध्यापक म्हणतील, सही पुरे. पण त्या बोलल्या ते मिटलेल्या डोळ्यांवर विसंबून.

मार्चमध्ये प्रबंध द्यायची मुदत संपते. पन्नाशीला आलो, पुन्हा कुठून सुरुवात करू?

प्रकरण काढून टाकलं. आता प्रबंधात फक्त दुसऱ्यांच्या पुस्तकांतले उतारे उरलेत.