बर्फाला आधी निजू द्यावं

सेइकिची, सत्तरीला आलास तरी ताज्या बर्फाचा ढीग पोरांना त्याच दिवशी पोखरू दिलास? आता ताईचा आशीर्वाद घे. ओसाकात मी बरी आहे, मोडलेला पाय जुळून येतोय. सून जपते, फक्त तिच्या सुपाला चव नसते. इथल्या नातवंडांनी बर्फ टीव्हीवरच पाहिलाय.

बर्फाच्या खोपीचं छत तुझ्या नातीवर कोसळलं, हे तू हवापाण्यानंतर चौथ्या ओळीत लिहिलंस. खरचटलंही नाही म्हणतोस. मग चिझु अंगणात का येत नाही?

आई म्हणायची, "आधी तुडवा, मग निजू द्या." रात्रभरात कण एकमेकांना घट्ट धरतात, मग भिंत फावड्यालाही दाद देत नाही. लहानपणी तूही एकदा घाई केलीस नि छत अंगावर घेतलंस. मी पाय धरून ओढलं, तर बाहेर येऊन विचारतोस, "ताई, माझा तांदळाचा मोची-लाडू कुठाय?" आईनं लगेच नवा ढीग घालायला लावला. तिसऱ्या दिवशी आपण आत शेगडीशी बसून रस्त्यावरच्यांना हाका मारत होतो, "आत या हो, पाणीदेवाला हात जोडा हो!"

पाणीदेवाच्या सणाला आठ दिवस आहेत. गावात पोरं चारच उरली. तीही भ्याली तर खोपीत देवापुढे दिवा कोण लावणार? उद्याच ढीग घाल. चिझुला वर नाचू दे. दोन रात्री हात लावू नकोस. मग आधी तू आत जा, म्हाताऱ्या.

तुझी ताई, टोयो

उत्तर तू लिहू नकोस, तुझं सगळं ठीकच असतं. चिझुनं लिहावं, खोपीत बसून.